‘हे काढू नये’

साहित्याच्या अभ्यासकाला ‘आवृत्ती’ हा शब्द नवा नाही. पहिली आवृत्ती, सुधारून वाढवलेली दुसरी आवृत्ती, लेखकाच्या हयातीतील शेवटची आवृत्ती अशा आवृत्त्यांतील फरकांवर आपण लेख लिहितो, क्वचित वादही घालतो. संगणकाच्या व्यवहारातही हाच शब्द रूढ आहे. मात्र पुस्तकाची नवी आवृत्ती निघाली म्हणून कपाटातील जुनी प्रत वाचता येईनाशी होत नाही. संगणकावरील प्रणालीचे तसे नसते. तिच्या जुन्या आवृत्तीची देखभाल थांबल्यानंतर तिच्यात सापडलेली भगदाडे कोणी बुजवत नाही. ती पूर्वीसारखीच चालते, दिसायला काहीही बिघडलेले नसते. फक्त तिच्या दाराचे कुलूप निकामी झाल्याचे आता सर्वांना ठाऊक असते.

मी मराठी घेऊन एम.ए. झालो आणि पोटापाण्यासाठी संगणकाच्या व्यवसायात आलो. गेले काही महिने एका जुन्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या नियतकालिक-सूचीचा सर्व्हर नव्या आवृत्तीवर नेण्याची योजना मी आखतो आहे. स्थलांतर अजून झालेले नाही; झाले आहे ते केवळ नियोजन. पण या नियोजनात जे करावे लागले ते संहितेच्या वाचनाच्या इतके जवळचे निघाले, की त्याविषयी साहित्याच्या विद्यार्थ्यांशी आणि शिक्षकांशी बोलावे असे वाटले.

प्रथम हा सर्व्हर म्हणजे काय ते सांगतो. ग्रंथालयाच्या देवघेव विभागात आपण मागणीची चिठ्ठी देतो. काउंटरवरचा माणूस ती वाचतो, आत कळवतो, आतून आलेले पुस्तक आपल्या हाती ठेवतो. सूचीच्या संकेतस्थळावर आपण लेखकाचे नाव लिहून ‘शोधा’ म्हणतो, तेव्हा तीही एक चिठ्ठीच असते. ती घेणारा, वाचणारा, आतल्या प्रणालीकडे पोचवणारा आणि उत्तराचे पान आपल्यापर्यंत आणणारा जो मधला कारभारी, तो ॲप्लिकेशन सर्व्हर. आमच्या सूचीचा कारभारी आहे ‘टॉमकॅट’, आणि त्याची आवृत्ती सातवी. या सातव्या आवृत्तीची देखभाल ३१ मार्च २०२१ रोजी थांबली.

टॉमकॅटचे मूळ सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीत आहे. तेथील जेम्स डंकन डेव्हिडसन यांनी ‘सर्व्हलेट’ या तंत्राचा नमुना म्हणून तो लिहिला आणि १९९९ साली तो अपाची या मुक्त प्रणाली घडवणाऱ्या संस्थेकडे आला. ओरायली प्रकाशनाच्या संगणकविषयक पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर प्राण्यांची चित्रे असतात. आपल्या प्रणालीवरही कधीतरी असे पुस्तक निघेल, या आशेने त्यांनी प्राण्याचे नाव शोधले, आणि स्वतःची काळजी स्वतः घेणारा प्राणी म्हणून बोका निवडला. पुढे पुस्तक निघाले. पण बोक्याचे चित्र दुसऱ्या एका पुस्तकासाठी आधीच वापरलेले असल्याने मुखपृष्ठावर हिमबिबट्या आला. नाव एकाने ठेवायचे आणि त्यावरचा ताबा दुसऱ्याकडे असायचा, ही गोष्ट या प्रणालीच्या चरित्रात पुढेही आली, आणि माझ्या योजनेतील अर्धे काम तिनेच निर्माण केले.

ती हकिगत अशी. सन मायक्रोसिस्टिम्स २०१० साली ओरॅकलने घेतली. टॉमकॅट ज्या प्रमाण-नियमांना अनुसरून चालतो, ते नियम पुढे ओरॅकलने एक्लिप्स फाउंडेशन या संस्थेकडे सोपवण्याचे ठरवले. ही घोषणा २०१७ सालची. नियम गेले, कोड गेला, पण ‘जावा’ हे व्यापारचिन्ह ओरॅकलकडेच राहिले. म्हणून २०१८ साली या सर्व पसाऱ्याला ‘जकार्ता’ असे नवे नाव मिळाले. हे नाव अगदीच नवे होते असेही नाही. टॉमकॅट अपाचीत आला तो ज्या प्रकल्पाखाली, त्याचे नावही जकार्ताच होते, आणि ते ज्या बैठकीच्या खोलीत त्याची बोलणी झाली त्या खोलीवरून पडले होते. जकार्ता शहर जावा बेटावर आहे, हा त्यातील भूगोल वाचकांनी ओळखलाच असेल.

प्रश्न केवळ पाटीवरच्या नावाचा असता तर फारसे बिघडले नसते. पण कोडच्या आतही, हजारो ओळींत, ‘जावाएक्स’ हे आडनाव लावलेले शब्द होते: जावाएक्स.सर्व्हलेट, जावाएक्स.मेल, आणि असे कितीतरी. ही नावे आहेत तशी वापरायला हरकत नव्हती. पण त्या नावांखाली काही बदलायला, वाढवायला परवानगी मिळणार नाही, हे मे २०१९ मध्ये जाहीर झाले. जिवंत प्रणालीला बदलू न देणारे नाव काय कामाचे? डिसेंबर २०२० मध्ये जकार्ता नियमांची नववी आवृत्ती आली, आणि तिने नवे वैशिष्ट्य जवळजवळ काहीच न देता फक्त नावे बदलली. जावाएक्स.सर्व्हलेटचे जकार्ता.सर्व्हलेट झाले. टॉमकॅटची नववी आवृत्ती जुन्या नावांची शेवटची. दहावीपासून सर्व नावे नवी. जुन्या नावाने हाक मारली तर दहावा टॉमकॅट ओ देत नाही.

हे ऐकून ग्रंथालयाच्या कार्यकारिणीतील एका सदस्यांनी विचारले, “मग त्यात एवढे काय? सगळीकडे शोधून जुन्याच्या जागी नवे नाव घाला.” प्रश्न रास्त होता. मी त्यांना उत्तर दिले ते मराठी शुद्धलेखनातून, कारण ते स्वतः मराठीचे निवृत्त शिक्षक आहेत.

मराठी साहित्य महामंडळाने १९६२ साली शुद्धलेखनाचे चौदा नियम केले आणि १९७२ साली त्यांत आणखी चार घातले. अनुच्चारित अनुस्वार गेले: ‘नांव’चे ‘नाव’ झाले, ‘कांहीं’चे ‘काही’ झाले. आता जुन्या लेखनातील एखादी कादंबरी नव्या नियमांनुसार छापायची आहे असे समजा. सगळे अनुस्वार शोधून पुसून टाकले तर चालेल का? जुन्या लेखनात ‘घरांत’ असे एकवचनीही लिहीत आणि अनेकवचनीही. एका घरातला अनुस्वार उच्चारला जात नाही, तो जायला हवा. अनेक घरांतला उच्चारला जातो, तो राहायला हवा. कागदावर दोन्ही शब्द एकच दिसतात. कोणता कोणता हे ठरवायला वाक्य वाचावे लागते. न वाचता पुसणारा मुद्रितशोधक एका गावातील सगळी घरे एका घरात कोंबून मोकळा होईल.

जावाएक्सचे नेमके हेच आहे. हे आडनाव लावणारे सगळेच शब्द एका घराण्यातील नाहीत. काही जकार्ताकडे गेले, काही मूळ जावा भाषेचाच भाग असल्यामुळे जागीच राहिले. जावाएक्स.एसक्यूएल राहिले. जावाएक्स.ट्रान्झॅक्शन गेले, पण त्याच्याच पोटातील जावाएक्स.ट्रान्झॅक्शन.एक्सए मात्र राहिले. हे काम करणारे एक साधन टॉमकॅटच्या मंडळींनीच दिले आहे, आणि ते हा भेद जाणते. तरीही काही नावे कोडमध्ये न राहता जुळवणीच्या फायलींत, किंवा तुकड्या-तुकड्यांनी जोडून तयार होणाऱ्या मजकुरात दडलेली असतात. तेथे साधनाची दृष्टी पोचतेच असे नाही; डोळ्यांनी वाचावे लागते. शिक्षक-सदस्य हसले आणि म्हणाले, “म्हणजे तुम्हांला मुद्रितशोधनाचा वेळ हवा आहे. तो द्यायला हवा.” योजनेचे पहिले कलम तेथे मंजूर झाले.

नावांचे काम जिकिरीचे असले तरी त्यात चूक झाली तर ती लपत नाही. नाव चुकले की प्रणाली सुरूच होत नाही किंवा अडते, आणि कोठे अडली ते सांगते. खरा धोका दुसरीकडे होता, आणि तो मला कोडच्या एका ओळीत सापडला. त्या ओळीच्या डोक्यावर माझ्या आधी कोणी तरी, रोमन लिपीत पण मराठीतून, एक टीप लिहून ठेवली होती: ‘हे काढू नये. शोध बंद पडेल.’ लिहिणाऱ्याचे नाव नाही, तारीख नाही, कारण नाही.

खालची ओळ पाहिली तर ती वेडगळ वाटावी अशी होती. वाचकाने शोधण्यासाठी लिहिलेला शब्द ती घेते, त्याचे तुकडे करते आणि ते तुकडे पुन्हा जोडून तोच शब्द तयार करते. धडधाकट माणसाचे हात-पाय सुटे करून परत बसवण्याचा हा प्रकार. पाठचिकित्सेच्या वर्गात आम्हांला शिकवले होते, की दोन पाठांपैकी जो अवघड, विचित्र वाटतो तो टाकून देण्याची घाई करू नये. सोपा पाठ लेखनिकाने सोयीसाठी केलेला असू शकतो. विचित्र पाठ बहुधा कारणाशिवाय टिकलेला नसतो. म्हणून ती ओळ का आली असावी याचा शोध घेतला.

संगणक अक्षरे साठवतो ती अंकांच्या रूपात. आज सर्वत्र रूढ असलेल्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन तुकडे लागतात. पण टॉमकॅटची सातवी आवृत्ती पत्त्यातून आलेला मजकूर, वेगळे काही सांगितले नसेल तर, लॅटिन-१ या जुन्या युरोपीय पद्धतीने वाचत असे, आणि तीत एका तुकड्याचे एक अक्षर होते. वाचकाने ‘म’ लिहिला की काउंटरवरच्या कारभाऱ्याला तीन चिन्हे दिसत: डोक्यावर तिरकी रेघ असलेला लॅटिन ‘ए’, चलनाची एक सर्वसाधारण खूण, आणि वर्तुळातील ‘आर’, म्हणजे नोंदणीकृत व्यापारचिन्हाची खूण. (नावांच्या प्रकरणानंतर हे तिसरे चिन्ह पाहून मला हसू आले.) अशी चिठ्ठी आत गेली तर काही सापडणे शक्य नव्हते. तेव्हा माझ्या आधीच्या त्या अनाम माणसाने ही ओळ लिहिली. ती चुकीने वाचलेली चिन्हे परत तुकड्यांत मोडते आणि या वेळी योग्य पद्धतीने वाचते. एका चुकीवर दुसरी उलटी क्रिया करून त्याने मराठी परत मिळवली होती. ‘हे काढू नये’ हे अक्षरशः खरे होते.

आणि आठव्या आवृत्तीपासून ते खोटे झाले. टॉमकॅटने आपली सवय बदलली. पत्त्यातील मजकूर आता मुळातच यूटीएफ-८ म्हणून, म्हणजे बरोबर, वाचला जातो. ही सुधारणाच आहे. मराठीच्या दृष्टीने तर ती फार पूर्वी व्हायला हवी होती. पण जुनी ओळ तशीच ठेवून नव्या आवृत्तीवर गेलो तर काय होईल? कारभारी चिठ्ठी बरोबर वाचेल. मग ही ओळ येईल आणि त्या शुद्ध मराठी शब्दाचे लॅटिन-१ च्या मापाचे तुकडे करू पाहील. लॅटिन-१ मध्ये देवनागरीला जागाच नाही. ज्या चिन्हाला जागा नाही त्याच्या ठिकाणी जावा प्रश्नचिन्ह ठेवते. ‘मर्ढेकर’ या नावाची सात प्रश्नचिन्हे होतील: म, र, हलन्ताचे चिन्ह, ढ, मात्रा, क, र.

चुकीने वाचलेली चिन्हे आणि प्रश्नचिन्हे यांच्यातील फरक येथे ध्यानात घ्यायला हवा. चुकीने वाचलेला ‘म’ कितीही विद्रूप दिसला तरी त्याच्यात मूळ ‘म’ शाबूत असतो. उलट वाचले की परत येतो. प्रश्नचिन्हात काहीही उरत नाही. ‘मर्ढेकर’ असो की दुसरे कोणतेही सात चिन्हांचे नाव असो, सगळ्यांची सातच प्रश्नचिन्हे. आमच्या सूचीत वाचकांना दुरुस्त्या सुचवता येतात, आणि त्या साठवल्या जातात. शोध निष्फळ ठरला तर वाचक कुरकुर करील आणि आपल्याला कळेल. पण दुरुस्त्या प्रश्नचिन्हे होऊन साठत राहिल्या, तर कळेपर्यंत महिना गेलेला असेल आणि ते परत आणता येणार नाही.

त्या अनाम पूर्वसुरीविषयी मला राग आला नाही. त्याने आपल्या काळातील पाठ अचूक केला होता. टीपही खोटी लिहिली नव्हती. तिच्या भोवतीचे जग बदलले. तिच्यात उणीव होती ती एकच, की काढू ‘का’ नये हे त्याने सांगितले नाही. ते सांगितले असते तर काढू नये ‘कुठवर’ तेही पुढच्याला आपोआप कळले असते. आज्ञा तेवढी उरली आणि कारण हरवले, की आज्ञेचे सोवळे होते. मग पुढची माणसे एक तर डोळे मिटून ती पाळतात किंवा डोळे मिटून मोडतात. आपल्या वाङ्मयीन परंपरेतही अशी किती सोवळी आहेत, याचा विचार मी वाचकांवर सोडतो.

ती ओळ एकाच ठिकाणी नव्हती. नऊ ठिकाणी ती तशीच उतरवलेली होती आणि दोन ठिकाणी वेगळ्या रचनेत, वेगळ्या हाताने लिहिलेली. हे दोन पाठभेद शोधयंत्राला सापडले नसते; ते वाचताना सापडले.

यावरून योजनेचा क्रम ठरला. सातव्यावरून थेट दहाव्यावर जायचे नाही. आधी नवव्यावर जायचे. तेथे नावे जुनीच असतात, त्यामुळे बदलते ती फक्त वागणूक. त्यातही आरंभी नवव्या टॉमकॅटला जुळवणीतून स्पष्ट सांगायचे, की पत्ते पूर्वीसारखे लॅटिन-१ म्हणूनच वाच. म्हणजे चूक आणि तिच्यावरचा उतारा, दोन्ही जागच्या जागी राहतील. सर्व स्थिरावले की मग एकाच दिवशी दोन्ही एकदम काढायचे: जुळवणीतील ती सूचना आणि कोडमधील त्या अकरा ओळी. त्यानंतरच दहाव्याच्या मालिकेतील १०.१ या आवृत्तीवर जायचे आणि नावे बदलायची. तिला जावाची किमान अकरावी आवृत्ती लागते, आणि त्या अकराव्या जावातून पूर्वी आयते मिळणारे काही भाग काढून टाकलेले आहेत. ते शोधून वेगळे जोडायचे. ही चाल संथ आहे. पण दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि बिघाड झाला, तर तो कोणामुळे झाला हे सांगता येत नाही. एकाच वेळी लेखन आधुनिक करणारा, परिच्छेद नव्याने पाडणारा आणि ‘सुधारणा’ही करणारा संपादक मूळ संहितेचे जे करतो, तेच येथेही होते.

कसोटीसाठी शब्द हवे होते. यासाठी मी ज्यांनी ही सूची मुळात कार्डांवर तयार केली त्या निवृत्त ग्रंथपाल बाईंकडे गेलो. विद्यार्थिदशेत मी त्यांच्या काउंटरवर तासन् तास उभा राहिलेलो आहे. मी काढलेली शब्दांची यादी त्यांनी पाहिली आणि बाजूला ठेवली.

“अरे, ‘कमल’ आणि ‘नमन’ शोधून तुला काय कळणार? जोडाक्षर घाल. ‘ळ’ घाल. आणि ‘आचार्यांना’ घातलंस तर ‘आचाऱ्यांना’ पण घाल.”

“बाई, त्यात काही अडेल असं तुम्हांला का वाटतं?”

“मला तुझं संगणकातलं कळत नाही. पण छापखान्यात नेहमी तिथंच अडायचं.”

बाईंचा अंदाज अचूक निघाला. ‘दऱ्या’मधला अर्धा ‘र’ संगणकावर दोन प्रकारे लिहिला जातो. एका प्रकारात त्यासाठी स्वतंत्र, नुक्त्याचा ‘ऱ’ वापरतात. दुसऱ्या प्रकारात साधा ‘र’, हलन्त आणि त्यानंतर डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह असते. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. आमच्या सूचीत दोन्ही आहेत, कारण नोंदी वेगवेगळ्या वर्षांत वेगवेगळ्या कळफलकांवर झाल्या. आता वाटेत एखाद्या चाळणीने ‘अनावश्यक’ म्हणून ते अदृश्य चिन्ह काढले तर? मग उरलेला ‘र’ पुढच्या अक्षराच्या डोक्यावर रफार होऊन बसतो, आणि ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो. डोंगरातील दरीचा समुद्र होतो, आणि कोणतेही यंत्र तक्रार करत नाही, कारण दोन्ही शब्द शुद्ध मराठी आहेत. ‘ॲ’चेही तसेच. त्याला स्वतंत्र स्थान युनिकोडमध्ये २००८ साली मिळाले. त्याआधीच्या नोंदींत ‘अ’वर चंद्र ठेवून भागवलेले आहे. बाईंनी अखेर चाळीस शब्द काढून दिले. त्यांत जुन्या लेखनातील ‘नांव’ आणि ‘कांहीं’ही होते, कारण जुन्या मासिकांतील शीर्षके त्यांनी छापली होती तशीच नोंदवली होती. ही यादी आता योजनेचे परिशिष्ट आहे. प्रत्येक टप्प्यानंतर हे चाळीसही शब्द शोधून पाहायचे, आणि एक जरी चुकला तरी मागे फिरायचे.

मागे फिरणे हेही योजनेत लिहावे लागते. ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, सिद्ध केली. पुढे १९०९ साली राजवाड्यांनी एकनाथपूर्व मानलेल्या पोथीवरून ज्ञानेश्वरी छापली, तेव्हा वाद झाले. त्या वादात मी येथे शिरत नाही. पण तो संभवला, कारण एक जुनी पोथी कोणाच्या तरी घरात टिकली होती. शुद्ध प्रत कितीही थोर हातून झालेली असो, आधीची प्रत जवळ असली तरच तिच्याविषयी प्रश्न विचारता येतो. म्हणून सातव्या आवृत्तीचा सर्व्हर, त्यावरील माहितीसह, बाहेरच्या जगापासून तोडून जसाच्या तसा जपायचा आहे. शिवाय स्थलांतरानंतर आठ दिवस सूची फक्त वाचण्यासाठी खुली राहील. नव्या नोंदी एकदा पडू लागल्या की मागे फिरणे म्हणजे त्या नोंदी गमावणे. हे आठ दिवस मे महिन्यात घ्यायचे ठरले, कारण दिवाळी अंकांच्या नोंदींचे काम तोवर संपलेले असते.

कार्यकारिणीत एकच कलम अडले, आणि ते संगणकाविषयी नव्हतेच. बाईंच्या कार्डांची लाकडी कपाटे तळमजल्यावर आहेत. जागेची टंचाई आहे, सूची संगणकावर आली आहे, तेव्हा कार्डे रद्दीत द्यावीत असा ठराव विचाराधीन होता. मी योजनेत लिहिले, की स्थलांतर पूर्ण होऊन सर्व नोंदी पडताळून होईपर्यंत एकही कार्ड हलवू नये. एका सदस्यांनी रास्तपणे विचारले, की सर्व्हरच्या योजनेत लाकडी कपाटांचा काय संबंध?

संबंध मी छापून नेला होता. सूचीत आजही काही नोंदी अशा आहेत, की लेखकाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे आहेत. पूर्वी केव्हातरी, माझ्या आधी, माहिती एका डेटाबेसातून दुसऱ्यात नेताना त्या तशा झाल्या असाव्यात. वर्ष आहे, अंक आहे, पृष्ठ आहे, लेखाचे शीर्षकही काही ठिकाणी आहे. लिहिणारा माणूस नाही. त्यांतील बरीच मासिके खुद्द या ग्रंथालयातही आता उरलेली नाहीत. ती नावे आज या इमारतीत एकाच जागी आहेत, आणि ती जागा म्हणजे तळमजल्यावरची कपाटे. मी कागद टेबलावर ठेवला. ज्यांनी प्रश्न विचारला होता त्यांनी तो बराच वेळ पाहिला. मग ते म्हणाले, की पुढच्या सभेत या कलमावर सविस्तर बोलू.

ती सभा अजून व्हायची आहे. योजना चौदा पानांची झाली आहे. तिच्यात प्रत्येक कृतीपुढे ‘का’ असा एक रकाना आहे, आणि तो भरल्याशिवाय कोणतीही कृती करायची नाही असे आम्ही ठरवले आहे. त्या अकरा ओळी जातील तेव्हा त्यांच्या जागी एक टीप राहील. देवनागरीत, तारखेसह: येथे काय होते, का होते, ते केव्हापासून लागेनासे झाले. बाई दर मंगळवारी दुपारी ग्रंथालयात येऊन प्रश्नचिन्हांच्या नोंदी कार्डांशी ताडून पाहत आहेत. १९५० पर्यंतची वर्षे झाली आहेत.